खराटा कोणाच्या हाती?

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन्ही शहरांत नव्या सदनिकांची अंतर्रचना ‘साधेपणा’च्या नावाने होऊ लागली आहे. पांढरी भिंत, नक्षीवाचूनचे फर्निचर आणि दृष्टिआड केलेला पसारा हे तिचे दृश्य व्याकरण. या व्याकरणालाच मूल्याचा दर्जा देऊन, नागर जीवन उपभोगाकडून संयमाकडे वळत असल्याचे प्रतिपादन केले जाते. त्यात शैलीला मूल्य समजण्याची गफलत आहे.

मराठी समीक्षेला ही गफलत अपरिचित नाही. भाषा निरलंकृत म्हणून साधी, आणि साधी म्हणून अस्सल, हे समीकरण ग्रामीण साहित्याच्या चर्चेतही डोकावत आले आहे. वास्तविक मम्मटाने प्रसाद गुणाचे लक्षण अलंकारांच्या अभावावरून ठरवलेले नाही. अर्थ चित्तात तत्काळ व्यापून राहणे हे ते लक्षण होय. अभावाने गुण सिद्ध होत नाही, हे घरालाही लागू आहे.

आधुनिक वास्तुविचारात आडोल्फ लोस यांनी १९१० मध्ये व्हिएन्नातील व्याख्यानात अलंकरणाला गुन्हा ठरवले, ते केवळ अभिरुचीच्या नावाने नव्हे. अलंकरणात कारागिराचे श्रम, साहित्य आणि पैसा वाया जातो, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. आजच्या रिकाम्या भिंतीने श्रमाचा हा प्रश्नच वगळला आहे. पांढरी फरशी रोज पुसावी लागते. पुसणारी बाई मात्र जाहिरातीच्या छायाचित्रात दिसत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात मोठ्या काचांचा मोकळेपणा वातानुकूलनावाचून निभत नाही. वस्तूही कमी झालेल्या नाहीत. त्या कपाटांच्या दारांआड गेल्या आहेत.

यावर उतारा म्हणून धाब्याच्या जुन्या घराचे गोडवे गाणे तितकेच भाबडे आहे. मातीच्या जाड भिंती आणि लहान खिडक्या यांमुळे ते घर थंड राही, हे खरे. परंतु सारवण्या-पोतारण्याचे कष्ट घरातल्या बायकांच्याच वाट्याला येत. नवे घर श्रम झाकते, स्मरणरंजन ते विसरते.

याच भूमीत साधेपणाची एक निराळी कसोटी सिद्ध झाली आहे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे गेले. चिंध्यांचा अंगरखा आणि मातीचे गाडगे एवढेच पाहिले, तर तीही एक शैलीच ठरेल. त्या वेषाला अर्थ दिला तो खराट्याने. गावात आल्यावर आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता. पंढरपूर, नाशिक, मुंबई येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, त्या यात्रेकरूंसाठी आणि निराधारांसाठी. स्वतःच्या जगण्याचा भार दुसऱ्याच्या पाठीवर न टाकणे, हा त्या साधेपणाचा आशय होता.

राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले गेले; २००५ मध्ये अमरावतीच्या विद्यापीठालाही. नाव स्वीकारणे सोपे असते. ज्या शहरांच्या परिसरात हे नाव सर्वतोमुखी आहे, तेथेच साधेपणा चौरस फुटांच्या भावाने विकला जावा आणि समीक्षेने त्याला मूल्यपरिवर्तन म्हणावे, ही विसंगती उपेक्षणीय नाही. दिवाणखान्यात किती वस्तू आहेत हे मोजण्याआधी तेथील खराटा कोणाच्या हाती आहे, याची चौकशी समीक्षेने केली पाहिजे.