मुक्या सोबत्याचे हित

मनुष्याने जे पशू माणसाळविले, त्यांत घोड्याइतका मान क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्यास आला असेल. राजाच्या मिरवणुकीत तो अग्रभागी चालला, रणांगणात तो स्वाराच्या बरोबरीने झुंजला, आणि डाकेच्या वाटेवर त्याच्याच टापांनी दूरदेशीच्या वार्ता घरोघर पोहोचविल्या. परंतु मान मिळणे आणि न्याय मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. लांब पल्ल्याच्या घोडदौडींचा इतिहास पाहिला म्हणजे हा भेद स्पष्ट दिसू लागतो.

सन 1892 च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी या दोन साम्राज्यांच्या सैन्याधिकाऱ्यांमध्ये एक मोठी घोडदौड झाली. जर्मन अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे आणि ऑस्ट्रियाचे अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे निघाले. अंतर साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक होते आणि प्रत्येक स्वाराने ते एकाच घोड्यावरून तोडावयाचे होते. काउंट श्टारेम्बर्ग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याने ही मजल बहात्तर तासांच्या आत मारली आणि त्याचा जयजयकार झाला. पण त्या जयघोषाखाली एक करुण वार्ता दडली होती. या दौडीपायी वीसहून अधिक घोडे प्राणास मुकले. जर्मन स्वारांत प्रथम आलेल्या अधिकाऱ्याची लिप्स्प्रिंगे नावाची घोडीही त्यांतच होती. स्वारांनी पदके मिळविली. घोड्यांनी त्यांचे मोल दिले.

त्या घोड्यांनी वाटेतच पाय का रोवले नाहीत, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा हा कळपाचा प्राणी आहे. पुढचा धावू लागला की मागचाही धावतो. रानात हिंस्र पशू लंगडणाऱ्या जनावरावर प्रथम झडप घालतो, म्हणून दुखणे लपविण्याची सवय त्याच्या रक्तातच भिनलेली असते. शिवाय शिकविलेला घोडा स्वाराच्या इशाऱ्यावर विश्वास टाकून चालतो. ज्या गुणांमुळे तो मनुष्याला प्रिय झाला, तेच गुण लोभी स्वाराच्या हाती पडले म्हणजे त्याच्या नाशास कारण होतात.

शरीरशास्त्रही हेच सांगते. विसावलेल्या घोड्याचे हृदय मिनिटास सुमारे 28 ते 44 ठोके देते. जोराच्या दौडीत हे ठोके दोनशेच्याही पुढे जातात. उन्हात धावताना घोड्याच्या अंगातून तासाला दहा लिटरांहून अधिक घाम जाऊ शकतो. या घामात क्षार पुष्कळ असतात. मनुष्याच्या शरीरातून बव्हंशी पाणीच जाते, म्हणून उरलेले रक्त खारट होते आणि त्याला तहान लागते. घोड्याच्या शरीरातून पाण्याबरोबर क्षारही निघून गेल्यामुळे पाण्याची गरज असूनही त्याला पुरेशी तहान लागत नाही. पुढे पाण्याची बादली असावी आणि तहानेने क्षीण झालेल्या घोड्याने तोंड फिरवावे, असा प्रसंग म्हणूनच घडतो. अशा वेळी ‘घोडा पाणी पीत नाही, अर्थात तो ठीक आहे’ असे समजणारा स्वार अज्ञानाने त्याचा घात करीत असतो.

या ज्ञानाचा उपयोग करून शर्यतींना शिस्त लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत. आजच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत 160 किलोमीटरांचे अंतर एका दिवसात तोडावयाचे असते. पण ते सलग नव्हे. सुमारे 40 किलोमीटरांच्या आत प्रत्येक टप्पा संपतो आणि तेथे पशुवैद्य उभा असतो. घोड्याची नाडी ठरलेल्या मिनिटांच्या आत 64 ठोक्यांवर उतरली पाहिजे. पशुवैद्य त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडतो. घडी चटकन मोडली नाही, तर शरीरातील पाणी आटले आहे हे तो ओळखतो. तो हिरडी दाबून तिची लाली किती लवकर परतते हे पाहतो, पोटाचा आवाज ऐकतो, आणि सरळ वाटेवर दुडकी चालवून घोडा लंगडतो की काय याची पारख करतो. यांत उणे आढळले, तर स्वाराची शर्यत तेथेच संपते. मुक्या प्राण्यास वाचा नाही. ही तपासणी म्हणजे त्याला दिलेली वाचाच होय.

तथापि नियम लिहिले म्हणजे काम संपले असे होत नाही. सन 2015 च्या मार्च महिन्यात घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने संयुक्त अरब अमिराती या देशाच्या राष्ट्रीय संघास काही महिन्यांसाठी निलंबित केले. तेथील शर्यतींत घोड्यांच्या हिताची पायमल्ली होते, हे त्याचे कारण होते. सन 2018 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील ट्रायन येथे जागतिक स्पर्धेची लांब पल्ल्याची दौड भरली. त्या दिवशी ऊन आणि दमट हवा यांनी कहर केला. अखेर दौड अर्ध्यावरच रद्द करावी लागली. पन्नासहून अधिक घोड्यांवर उपचार करावे लागले, आणि त्यांपैकी एक घोडा पुढे वाचू शकला नाही. दौड थांबविणाऱ्यांनी योग्य तेच केले. परंतु पहाटेच हवेचा अंदाज घेऊन ती पुढे ढकलली असती, तर ते अधिक शहाणपणाचे ठरले असते.

यावर काही लोक म्हणतात, ‘घोड्याला धावणे मुळातच आवडते, मनाविरुद्ध त्याला कोण धावविणार?’ या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. मोकळ्या कुरणातला घोडा आनंदाने उधळतो हे खरे. पण दमला की तो आपल्या मर्जीने थांबतो. पाठीवर खोगीर आणि तोंडात लगाम असताना थांबण्याचा निर्णय त्याचा राहत नाही. ज्याच्या हाती लगाम आहे, त्याच्याच शिरावर जबाबदारी असली पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की, इतकी बंधने घातली तर शर्यतीतील चुरसच नाहीशी होईल. अनुभव मात्र निराळा आहे. कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी या गृहस्थाने 1955 साली शंभर मैलांची, चोवीस तासांत पुरी करावयाची घोडदौड सुरू केली. ती टेव्हिस चषकाची दौड म्हणून प्रसिद्ध आहे. तेथे प्रथम येणाऱ्याचा गौरव होतोच. परंतु 1964 पासून पहिल्या दहा घोड्यांपैकी जो सर्वांत सुस्थितीत असेल, त्याला हॅगिन चषक देण्याची प्रथा पडली. कठीण चढउतारावर तेथील पुष्कळ स्वार खाली उतरतात आणि घोड्याच्या सोबतीने पायी चालतात. दौड पुरी करणे म्हणजेच जिंकणे, हे अमेरिकेतील अशा स्वारांच्या संस्थेचे ब्रीदच आहे. मंगोलियात 2009 पासून हजार किलोमीटरांची एक दौड होते. तेथे जुन्या डाकव्यवस्थेप्रमाणे सुमारे दर 40 किलोमीटरांवर घोडा बदलतात. स्वाराच्या हौसेचा भार एकाच जिवावर पडत नाही, तरीही चुरस कमी झालेली नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणागोटा आधीच उधळला आणि घोडी उपाशी मेली, तर ती तुम्हीच मारली असे होईल, अशा आशयाची सक्त ताकीद त्यात आहे. घोड्याचे मरण हा दैवाचा नव्हे, तर सांभाळणाऱ्याच्या हयगयीचा परिणाम असतो, ही त्या राज्यकर्त्याची दृष्टी होती. आजच्या क्रीडाधुरीणांनी ती अवश्य अंगीकारावी.

म्हणून लांब पल्ल्याच्या दौडी बंदच कराव्यात असे नव्हे. चांगला स्वार आणि चांगला घोडा यांनी डोंगरदऱ्या मिळून ओलांडाव्यात, यात दोघांचाही पुरुषार्थ आहे. मात्र पशुवैद्याचा शब्द अखेरचा मानला जावा. उष्णतेची मर्यादा आधीच ठरावी आणि ती ओलांडली की दौड निघूच नये. दोन दौडींमध्ये घोड्यास पुरेशी विश्रांती मिळावी. आणि वेगाला जितके बक्षीस, तितकेच घोड्याच्या सुस्थितीलाही असावे. बक्षीस ज्या गुणाला मिळते, त्या गुणाची जोपासना होते. केवळ वेग गौरविला तर स्वार टाच मारावयास शिकेल. घोड्याची निगा गौरविली तर तो लगाम खेचावयास शिकेल.

जो ‘नाही’ म्हणू शकतो, त्याच्याशी सौजन्याने वागणे फारसे कठीण नसते. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याशी मनुष्य कसा वागतो, यातच त्याच्या सुसंस्कृतपणाची परीक्षा आहे. मुक्कामाला पोहोचलेल्या स्वाराने पदकासाठी हात पुढे करण्याआधी तोच हात घोड्याच्या छातीवर ठेवावा. तेथील ठोके शांत असतील, तर ते पदक त्याला खरोखर शोभेल.