हजेरीपुरते तंत्रस्नेही

उन्हाळी सुटी लागून शिक्षक गावी पोहोचतो न पोहोचतो, तोच व्हॉट्सअ‍ॅप गटावर प्रशिक्षणाचे पत्र येऊन पडते. विषय अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर, स्थळ तालुक्याचे हायस्कूल, आणि शेवटी गैरहजर राहणाऱ्यांना कारवाईचा ठरलेला इशारा. विदर्भात पारा चाळिशीपार असतो, सभागृहात पंखे गरम हवा फिरवत असतात आणि प्रशिक्षण देणारे सुलभक भिंतीवरच्या स्लाइड वाचून दाखवत असतात. संध्याकाळी लिंकवर हजेरी भरली, फोटो अपलोड झाला, की त्या दिवसापुरता शिक्षक तंत्रस्नेही झाला.

यात शिक्षकाला दोष देणे सोपे आहे आणि चुकीचेही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतून पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणणारे रणजितसिंह डिसले जिल्हा परिषदेच्याच व्यवस्थेतले. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. समोरच्या मुलांची अडचण सोडवताना सुचलेली ती युक्ती होती, परिपत्रकातून आलेली नव्हती. राज्यात असे उद्योगी शिक्षक आजही पुष्कळ आहेत. प्रशिक्षणाच्या दिवशी ते बहुतेक वेळा मागच्या बाकावर बसलेले असतात, कारण त्यांना काय येते हे कोणी विचारलेलेच नसते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2020 मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले. हेतू चांगलाच होता. पण तास मोजता येतात, शिकणे मोजता येत नाही. मग यंत्रणा तासच मोजत बसते. सुमारे 42 लाख शिक्षकांसाठी 2019 मध्ये सुरू झालेला ‘निष्ठा’ कार्यक्रम करोनाकाळात ‘दीक्षा’ मंचावर ऑनलाइन गेला, तेव्हा आवाज बंद करून व्हिडिओ पुढे सरकू देण्याची कला अनेकांना अवगत झाली. 12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वरिष्ठ व निवड वेतनश्रेणीचे प्रशिक्षण तर थेट पगाराशी बांधलेले. पगार प्रमाणपत्रावर अडला असेल, तर माणूस प्रमाणपत्राच्याच मागे लागणार. त्यात नवल ते काय?

खरी गफलत आशयात आहे. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून शाळांच्या समूह केंद्राला अशा उतरंडीने येणारे प्रशिक्षण शेवटच्या पायरीवर पोहोचेपर्यंत त्यातला वर्ग गळून पडतो आणि अ‍ॅपची नावे तेवढी उरतात. दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंचा प्रश्न वेगळाच असतो. पहिली-दुसरी एका खोलीत, टॅब एकच. दुसरीच्या मुलांना वजाबाकी शिकवत असताना पहिलीच्या मुलांच्या हाती तो टॅब कसा द्यायचा, किती वेळ द्यायचा, आणि त्यांनी पाहिले त्यातले काय समजले हे नंतर कसे तपासायचे? मुलाचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून महिन्याभराने त्यालाच ऐकवले तर काय होते? कृत्रिम बुद्धिमत्तेने दोन मिनिटांत काढून दिलेल्या प्रश्नपत्रिकेतले चुकीचे मराठी आणि चुकीचे गणित कसे पकडायचे? बाईंना हे हवे आहे. त्यांना मिळतो तो पीपीटी बनवण्याचा तास.

मुले तोवर थांबलेली नाहीत. ग्रामीण भारतात 14 ते 16 वयोगटातील 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असे शिक्षणस्थितीवरच्या 2024 च्या ‘असर’ अहवालात आढळले. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली 57 टक्के आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेली 76 टक्के. ही तफावत कमी करणे हे शिक्षकाचे काम, आणि त्यासाठी शिक्षकाला तयार करणे हे शासनाचे.

तयार करायचे तर काही साध्या गोष्टीही कराव्या लागतील. लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर वीजबिल थकल्यामुळे कपाटात पडून असेल, तर सुलभकाने कितीही जीव तोडून सांगावे, उपयोग शून्य. शिक्षक हे दीर्घ सुटी विभागातले कर्मचारी आहेत. सुटीत कामाला बोलावले, तर त्या प्रमाणात अर्जित रजा त्यांच्या खाती जमा व्हायला हवी, आणि तीही अर्जविनंत्यांची वेळ न आणता. शिवाय ज्या फोनवर शिक्षकाने नवे काही शिकावे अशी अपेक्षा आहे, तोच फोन पोषण आहाराची रोजची माहिती, ‘सरल’ आणि ‘यू-डायस’ या शासकीय माहितीप्रणालींच्या नोंदींनी दिवसभर अडकवून ठेवला आहे. शिक्षकाला तंत्रज्ञानाचा वीट आला असेल, तर तो या माहिती भरण्याने आलेला आहे.

मे महिन्यात आठ-दहा दिवस सलग बसवण्यापेक्षा दोन दिवस पुरेत. तेही गणिताच्या शिक्षकांना गणितावर, भाषेच्या शिक्षकांना भाषेवर, आणि शिकवणारा स्वतः रोज वर्गात उभा राहणारा असावा. उरलेले काम केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत व्हावे. ही परिषद आज बरीचशी सूचना वाचण्यात संपते. तिथे एका शिक्षकाने आपला फसलेला तास मांडावा आणि बाकीच्यांनी त्यावर बोलावे.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पुढच्या उन्हाळ्याचे पत्रक काढताना त्यात एकच कलम वाढवावे: सुलभकाने ऑगस्टअखेर प्रशिक्षणार्थीच्या वर्गात बसून त्याचा एक पूर्ण तास पाहावा, आणि प्रमाणपत्र त्यानंतरच द्यावे.