आरतीआधी उठणारे

कीर्तन रंगात आलेले असते. बुवांचा आवाज टिपेला लागलेला असतो. आरतीचे तबक पेटवायचा अवकाश, की मागच्या रांगेतली काही मंडळी अंधारात चपला चाचपू लागतात. "शेवटी काय व्हायचंय, ठाऊकच आहे," असे त्यांचे म्हणणे! कोकणात काय नि देशावर काय, ही जमात सर्वत्र आहे. ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढ्यात असताना, मला तिच्याशी भांडायचे आहे. लाडू खाता खाता भांडण्याची तेवढी मुभा वाचकांनी द्यावी.

भांडणाचे निमित्त आमच्या माणगावाला मुळीच न शोभणारे आहे. ते आहे बर्फावरच्या खेळांचे. आमचे गाव पावसाचे. बर्फ आम्ही पाहतो तो मासळीच्या पेटीत, नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवर. पण २०२२ च्या फेब्रुवारीत बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकला भारतातून एकच खेळाडू गेला होता, काश्मीरचा आरिफ खान. १३ फेब्रुवारीला त्याची शर्यत झाली. त्या रात्री शेजाऱ्यांच्या ओटीवर आम्ही पाचसात जण टीव्हीपुढे बसलो होतो. बातमी आली, आरिफ पंचेचाळिसावा! ओटीवरून ताबडतोब निकाल लागला, "अहो गुरुजी, पंचेचाळिसावंच यायचं तर गेलाच कशाला हो हा?" सगळे हसले. खोटे कशाला सांगू, मीही हसलो.

घरी आल्यावर मात्र ते हसू घशात अडकले. गेलाच कशाला? डोंगराच्या उतारावर रोवलेल्या झेंड्यांमधून नागमोडी घसरत यायचे, एक फाटक चुकले की बाद. असे दोनदा उतरायचे आणि दोन्ही वेळांची बेरीज करायची. त्या दिवशी तर बर्फ इतका कोसळत होता की पुढचे नीट दिसेना. सुमारे नव्वद जण उतरले, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना शर्यत पुरी करता आली नाही. ज्यांनी पुरी केली त्यांत आरिफ होता. तीन दिवसांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचे फाटक चुकले, तो बाद झाला. तेही लपवायचे कारण नाही. पण २०१८ च्या स्पर्धेची वाट त्याला पैशांअभावी सोडावी लागली होती, आणि बीजिंगसाठी त्याने स्वतःचे लग्न पुढे ढकलले होते. आम्ही काय पुढे ढकलले होते? रात्रीचे जेवणसुद्धा नाही!

कोणी म्हणेल, गुरुजी, जग पदके मोजते, घाम मोजत नाही. ठीक, पदकच मोजू. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले आणि सहावे आले. त्या वेळी साऱ्यांनीच "गेलाच कशाला?" म्हणून पाठ फिरवली असती, तर? पण फिरवली नाही. १९५२ च्या हेलसिंकीच्या वारीसाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. त्या वारीतून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले, आणि गोळेश्वरच्या या पैलवानापुढे शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. बैलगाडीत चढायला आपण सारेच तयार असतो. सहाव्या क्रमांकाच्या माणसासाठी घर गहाण टाकणारा खर्डेकर एखादाच!

आता समारोपाचे. "समारोप काय बघायचा? फटाके आणि भाषणे!" हेही त्या ओटीवरच ऐकले. बीजिंगचे उद्घाटन आणि समारोप दूरदर्शनने थेट दाखवले नाहीत. २०२० च्या जूनमध्ये गलवानला आपले २० जवान धारातीर्थी पडले; त्याच चकमकीतल्या चिनी सेनाधिकाऱ्याच्या हाती ऑलिंपिकची मशाल दिली गेली होती. त्या निषेधाशी माझे भांडण नाही. माझे भांडण दाखवले तरी न बघणाऱ्यांशी आहे.

२०१४ चे सोची आठवा. आपल्या ऑलिंपिक संघटनेच्या निवडणुकांतील गोंधळामुळे तिच्यावर बंदी होती. उद्घाटनाला आपले तीन खेळाडू, शिव केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल, तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालले. ते पाहून देशभर हळहळ झाली. स्पर्धा चालू असतानाच, ११ फेब्रुवारीला, बंदी उठली, आणि २३ फेब्रुवारीच्या समारोपाला हिमांशू ठाकूर तिरंगा घेऊन मैदानात आला. अपमान पाहायला आपण सारे हजर होतो, मान परत मिळाला तेव्हा चपला शोधत होतो!

समारोपात आणखी एक गोष्ट असते. झेंडे पुढे जातात आणि मागून खेळाडू देशादेशांच्या रांगा मोडून एकत्र येतात. पहिला आणि शेवटचा, जिंकलेला आणि आपटलेला, सगळे एका घोळक्यात. ही चाल पडली १९५६ साली मेलबर्नला. चिनी वंशाच्या जॉन इयन विंग नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने आयोजकांना तसे पत्र लिहिले होते. आपल्याला हे नवे का वाटावे? सप्ताहाच्या शेवटी आपल्याकडे काला होतोच की! ज्याच्या त्याच्या शिदोरीतले एकत्र कालवायचे आणि घास घास वाटून घ्यायचा. काल्याआधी उठून गेला, त्याने सप्ताह ऐकला म्हणावे काय?

हे सारे मी कोणत्या तोंडाने सांगतो आहे, तेही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी मी शिकवीत असलेल्या एका शाळेत मुलींची लांब पल्ल्याची शर्यत होती. पहिल्या तिघी आल्या, टाळ्या झाल्या, पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई होती. शेवटच्या रेषेवरची फीत मी स्वतः गुंडाळून खिशात घातली. आणि तेवढ्यात डोंगरावरच्या वाडीतून रोज पायी शाळेत येणारी एक मुलगी, अनवाणी, धापा टाकीत वळणावरून आली. रेषेवर कोणी नव्हते. ती थांबली, इकडे तिकडे पाहिले आणि मलाच विचारले, "गुरुजी, कुठवर धावायचं?" पोरे हसली. पुढल्या वर्षी तिने शर्यतीत नाव दिले नाही. "गेलाच कशाला?" असे मी तिला तोंडाने म्हणालो नव्हतो, फीत गुंडाळून म्हणालो होतो.

म्हणून हे भांडण. २०३० साली हिवाळी ऑलिंपिक फ्रान्सच्या आल्प्समध्ये भरणार आहे. आपला कोणी तिथे चाळिसावा येईल, पन्नासावा येईल, कदाचित पडेलही. तेव्हा पोराबाळांना घेऊन ती शर्यत आणि तो समारोप शेवटपर्यंत बघा. तोवर वाट कशाला पाहायची? दिवाळीची सुट्टी संपली की गावोगावी शाळांचे खेळ सुरू होतील. तिथे जा, आणि शेवटचे मूल येईपर्यंत खुर्ची सोडू नका. फीत धरायला मी उभा आहे.