हात प्रत्यारोपणाची बातमी वाचल्यावर

हात प्रत्यारोपणाची बातमी आली की दवाखान्यात हमखास कुणीतरी विचारतं, "डॉक्टर, आमच्या मुलाचं होईल का?" भारतात ही शस्त्रक्रिया २०१५ मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात प्रथम झाली, मुंबईत २०२० मध्ये. म्हणजे सोय आहे. पण आधी स्वतःला विचारा, आयुष्यभर गोळ्या घेणं जमेल का?

१९९८ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात एका रुग्णाला हात बसवला. हात जुळला, हलूही लागला. पुढे त्याने गोळ्या बंद केल्या, शरीराने हात नाकारला आणि २००१ मध्ये तो काढावा लागला.

हृदय किंवा यकृत निकामी झालं तर जीव जातो, हाताचं तसं नाही. इथे धडधाकट माणूस जंतुसंसर्ग, मधुमेह, मूत्रपिंडाला इजा असे गोळ्यांचे धोके आपणहून पत्करतो. शिवाय नस दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. बोटांत जाणीव यायला कित्येक महिने लागतात आणि तोवर रोज फिजिओथेरपी. म्हणून आधी कृत्रिम हात मनापासून वापरून पाहा, असं मी सांगतो.

प्रत्यारोपण झालेलं असेल, तर बसवलेल्या हातावर लाल चट्टे दिसताच त्याच दिवशी तुमच्या सर्जनना दाखवा. ती ॲलर्जी समजून घरी मलम लावत बसू नका.