जुन्या पिकअपचा रेडिएटर: डाग मारावा की नवा बसवावा?

एप्रिल-मेमध्ये शिरपूरचा पारा चाळिशीच्या वर गेला की महामार्गालगतच्या गॅरेजांपुढे बॉनेट उघडलेल्या पिकअप दिसू लागतात. हिवाळ्यात रेडिएटर थेंब-थेंब गळतो तेव्हा मालक पाण्याची कॅन सोबत ठेवून भागवतो. भरली गाडी पळासनेरच्या पुढे बिजासन घाट चढायला लागते, तेव्हा मात्र कॅनने भागत नाही. मग प्रश्न पडतो, दहा-बारा वर्षांच्या गाडीवर आता किती पैसा घालायचा?

त्याआधी गळती नक्की रेडिएटरचीच आहे ना, हे पाहायला हवं. पिचलेला होज पाइप, सैल क्लिप, निकामी झाकण किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) यांतूनही पाणी जातं, आणि त्यांचा खर्च बराच कमी असतो. रेडिएटर खाली उतरवून त्याची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडे येतील तिथे छिद्र. ही परीक्षा न करता नवा रेडिएटर घ्यायला सांगणाऱ्याचं ऐकू नये.

दुरुस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं नुसतं कंजूषपणाचं नाही. जुन्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. झाळ सोडवून टाकी काढता येते, नळ्यांत गज फिरवून क्षार काढता येतात, छिद्राला डाग मारता येतो, आणि अगदीच गेला असेल तर टाक्या तशाच ठेवून फक्त जाळी बदलता येते. खर्च मुख्यतः मजुरीचा. शिवाय तांब्याला भंगारातही चांगला भाव असल्याने जुन्या जाळीचं वजन बिलातून वजा करून घेता येतं. ही कारागिरी जाणणारे आता कमी होत चालले आहेत, ही खंत वेगळी.

दुसरीकडे, अलीकडच्या बहुतेक पिकअपमध्ये जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि टाक्या प्लास्टिकच्या असतात. दोन्हींच्या मध्ये रबरी पट्टी घालून पत्र्याच्या कडा दाबून बसवलेल्या असतात. वर्षानुवर्षं तापून प्लास्टिक ठिसूळ होतं, तडकतं, आणि त्यावर डाग बसत नाही. एम-सील लावली तर ती उभ्या गाडीत टिकते, चालत्या गाडीत टिकेलच असं नाही. कारण आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकणाने साधारण एक बार दाब धरला तर पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. गळतीमुळे दाब सुटला की ते शंभराच्या आसपासच उकळतं. म्हणजे छोट्या गळतीत पाणी जातंच, शिवाय तापमानाची ही वीस अंशांची मोकळीकही जाते.

रस्त्यात रेडिएटरमध्ये हळद किंवा गळती बंद करणारी पावडर टाकणाऱ्यांनाही हसण्याचं कारण नाही. मागे केळी भरलेली असताना वाट पाहायला वेळ नसतो. अशा वेळी गावापर्यंत पोहोचणं हाच शहाणपणा. तथापि, तोच उपाय महिनाभर चालवला तर बोअरच्या जड पाण्याच्या क्षारांनी आधीच अरुंद झालेल्या नळ्या आणखी तुंबतात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच. त्याने रोग जात नाही, लक्षण तेवढं झाकलं जातं.

नवा घ्यायचा ठरला तरी मतभेद उरतातच. कंपनीचा भाग बिनचूक बसतो, पण जुन्या गाडीच्या किमतीच्या मानाने तो जड वाटतो. भंगारातला वापरलेला स्वस्त पडतो, मात्र तोही तितकाच म्हातारा असू शकतो. मधला मार्ग म्हणजे नावाजलेल्या उत्पादकाचा बाजारातला भाग. वडोदऱ्याच्या बँकोसारख्या कंपन्या वाहन उत्पादकांनाही रेडिएटर पुरवतात. बिननावाच्या मालात जाळीची जाडी आणि नळ्यांच्या ओळी मूळ भागाशी ताडून पाहाव्यात. किंमत बहुधा तिथेच कापलेली असते.

गाडी आठ वर्षांवर गेली की दरवर्षी फिटनेस आलं. त्यामुळे 'पुढच्या वर्षी विकायचीच आहे, आता कशाला?' हा हिशेब चुकीचा नाही. पण गाडी एकदा नीट तापली आणि हेड वाकलं किंवा गॅस्केट उडालं, तर वाचवलेल्या पैशाच्या कितीतरी पट जातात, आणि विकतानाचा भावही पडतो.

म्हणून आमचा कल असा: तांब्या-पितळेच्या रेडिएटरला पहिल्या गळतीला डाग, दुसऱ्या गळतीला जाळी. प्लास्टिकची टाकी तडकली असेल तर डागडुजी नको. नावाच्या उत्पादकाचा नवा घ्यावा आणि कंपनीच्या भागापेक्षा जे वाचेल त्यातून होज, झाकण आणि कूलंट बदलावं. अ‍ॅल्युमिनियमला बोअरचं पाणी सोसत नाही. कूलंट शुद्ध पाण्यातच मिसळावं. कपाशीचा पैसा संपलेला असतो तेव्हाच, ऐन मे महिन्यात, हा खर्च येतो हे मान्य. पैसे जमेपर्यंत हलका माल, जवळची फेरी आणि काट्यावर नजर, एवढ्यावर काही आठवडे काढता येतील. भरल्या गाडीने घाट मात्र नको.

बसवून झाल्यावर इंजिन थंड असतानाच झाकण उघडून भरावं, मग ते उघडं ठेवून इंजिन सुरू करावं आणि बुडबुडे थांबेपर्यंत लागेल तसं भरत जावं. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी. आत अडकलेली हवा निघाल्यावर ती बहुधा थोडी खाली गेलेली असते.