पुणे की संभाजीनगर? आधी तास मोजा

परभणी जिल्ह्यात पोरगं किंवा पोरगी शिकून नोकरीच्या वयाला आली की घरात दोनच शहरांची नावं निघतात. पुण्यात मामा असतो, तो पुणंच सांगतो. संभाजीनगरजवळच्या वाळूजला चुलतभाऊ असतो, तो म्हणतो, एवढ्या लांब कशाला जातो, इकडेच ये. आणि शेवटी ज्या कंपनीचं पत्र आधी येतं तिकडे बॅग भरली जाते. पुढची तीस-पस्तीस वर्षं कुठं काढायची हे ठरवण्याची ही रीत मला पटत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघा. पहिल्यांदा बघा, पहाटे गावाकडून फोन आला तर तुम्ही घरी किती वाजता पोचाल. त्यानंतर बघा, नवरा-बायको दोघांनाही त्या शहरात काम मिळेल का. या दोन गोष्टींत बहुतेकांचं उत्तर येऊन जातं.

आपल्या आजोबा-पणजोबांपुढे हा प्रश्न वेगळाच होता. 1948पर्यंत परभणी निजामाच्या राज्यात, त्यामुळे शिकायचं म्हणजे हैदराबाद. 1918 साली सुरू झालेलं उस्मानिया विद्यापीठ तिथं, तेही उर्दूतून शिकवणारं. वरचं कोर्ट तिथं, मोठं सरकारी काम तिथं, आणि दारातून जाणारी रेल्वेही तिकडेच नेणारी. आयुष्य परभणीत काढलेले लेखक बी. रघुनाथ शिकायला हैदराबादलाच गेले होते. 1956च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि आपलं तोंड पूर्वेकडून पश्चिमेकडे वळलं. 1958 साली औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, विद्यापीठ झालं, 1981 साली उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं, पुढे बजाजसारखे कारखाने वाळूजला आले. मग हिंजवडीची संगणक कंपन्यांची वसाहत उभी राहिली आणि एका पिढीत सगळा ओघ पुण्याकडे गेला. एक शहर भलं आणि दुसरं वाईट म्हणून लोक गेले नाहीत. विद्यापीठ, कोर्ट, कारखाना आणि गाडी जिथं गेली, त्यांच्यामागे आपण गेलो.

आता पगाराकडे वळू. पुण्यात पगार जास्त मिळतो, हे खरंच आहे. पण तुलना करताना आपण दोन शहरांची करतो, आणि राहतो मात्र एखाद्या उपनगरात. परभणीचा माणूस पुण्यात कोथरूडला किंवा डेक्कनला क्वचित राहतो. तो राहतो वाघोलीत, खराडीत, चंदननगरात, कारण नगर रोडने येणारी ट्रॅव्हल्स पहाटे त्याला तिथं उतरवते आणि आधी आलेले गाववाले तिथंच असतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं पुण्याला असली तरी वाघोलीतल्या कितीतरी सोसायट्या टँकरचं पाणी विकत घेतात. 2021मध्ये वाघोली महापालिकेत आली, टँकर काही गेले नाहीत. नोकरी हिंजवडीत असेल तर गर्दीच्या वेळी एका बाजूचे दीड-दोन तास रस्त्यात जातात. घरभाडं, डिपॉझिट, मेंटेनन्स, टँकरची वर्गणी आणि पेट्रोल वजा करून हातात काय उरतं ते कागदावर मांडा. आणि समोर वाळूजचं बजाजनगर नाहीतर सिडको ठेवा.

तिथंही सुख नाही. पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर असताना संभाजीनगरच्या नळाला अनेक वर्षं रोज पाणी नाही. चार-आठ दिवसांचा खंड पडतो आणि ड्रम भरून ठेवावे लागतात. येलदरीच्या पाण्यावर वाढलेल्या परभणीकराला ही सवय आहे, पण सवय आहे म्हणून ते चालवून घ्यावं असं मी म्हणणार नाही. एवढंच खरं, की पाण्याच्या बाबतीत दोन्हीकडे आपल्या वाट्याला सारखंच येतं.

फरक पडतो तो अंतरात. परभणीहून संभाजीनगर रेल्वेने पावणेदोनशे किलोमीटर. तपोवन, नंदीग्राम, देवगिरी, मराठवाडा एक्सप्रेस, आणि 2025च्या ऑगस्टपासून नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत. एखादी चुकली तर जालन्यावरून एसटी आहेच. पुण्याचं रेल्वेचं अंतर याच्या दुपटीहून कितीतरी जास्त. बीड-नगरमार्गे रात्रभराची ट्रॅव्हल्स, नाहीतर लातूर, कुर्डुवाडी, दौंड असा वळसा घेणारी पनवेल गाडी. नकाशावर हा फरक दोन बोटांचा दिसतो. घरात तो किती मोठा आहे हे आईला विचारा.

संभाजीनगरला राहणाऱ्या लेकाकडे आई एकटी जाते. मार्च 2023पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत. सकाळच्या गाडीला बसते, शेवग्याच्या शेंगा, ज्वारीचं पीठ, नातवासाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन दुपारी दारात. चार दिवस राहते आणि पेरणीच्या आधी परत येते. तीच आई पुण्याला एकटी जात नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या वरच्या स्लीपरवर तिला चढवत नाही, खालचा मिळत नाही, मध्यरात्री ढाब्यावर उतरायला तिला भीती वाटते. मग लेकाने येऊन न्यायचं आणि आणून सोडायचं. वर्षातून दोनदा जाणारी आई दोन वर्षांतून एकदा जाते, आणि नातवाला आजी ओळखीची होते ती मोबाइलच्या काचेतून.

शेताचंही तसंच. आपल्याकडची बहुतेक पोरं नोकरीला गेली तरी सातबाऱ्यावर नाव असतंच. 2021पासून ई-पीक पाहणी आली. त्यात पिकाचा फोटो शेताच्या बांधावर उभं राहूनच काढावा लागतो, घरी बसून होत नाही. बापाला तो मोबाइल जमत नाही. सोयाबीन काढणीला आलेलं, आभाळ भरलेलं, मळणीयंत्रवाला आज येतो उद्या येतो करतोय, अशा वेळी संभाजीनगरचा पोरगा शुक्रवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परत जातो. पुण्याच्या पोराचे त्याच दोन दिवसांतले बरेच तास गाडीत जातात. दिवाळीला तर विचारूच नका. खाजगी गाड्यांनी एसटीच्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही, असा 2018चा शासन निर्णय आहे. पुण्याहून परभणीला सणात आलेल्या कुणालाही विचारा, त्याने किती दिले.

दुखणं-खुपणं आलं तर जवळचं नांदेड सोडून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा तिथलं शासकीय कर्करोग रुग्णालय गाठावं लागतं, तेव्हा त्या शहरात आपलं एक घर असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्यांनी दवाखान्याच्या आवारात सतरंजी टाकून रात्री काढल्या त्यांना ठाऊक आहे.

एवढं सगळं संभाजीनगरच्या बाजूचं. तरीही मी कितीतरी जणांना पुण्याला जा असंच सांगतो, आणि त्याचं कारण घरातली सून. मानवत तालुक्यातलं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. तो वाळूजला कारखान्यात देखभाल विभागात, ती संगणकाची इंजिनिअर. संभाजीनगरला त्याचं बस्तान बसलं आणि ती घरी बसली. शिकवणीच्या चार पोरांवर तिची पदवी चालली होती. कारखान्याचं शहर एका कमावत्याला सांभाळतं. दुसऱ्याचं शिक्षण संगणकाचं असेल तर तिथं दारं फार थोडी आहेत. बिडकीनला टोयोटा येणार, वीस हजार कोटींचा करार 2024मध्ये झाला, शेंद्र्याची वसाहतही वाढते आहे, पण तिला लागणारं काम त्यातून आज मिळत नाही. मुलगी शिकली म्हणून आपण पेढे वाटायचे आणि लग्नानंतर नवऱ्याची सोय पाहून तिला घरी बसवायचं, हा अन्याय आहे. अशा वेळी आईच्या फेऱ्या कमी होतील, हे दुःख सोसूनही पुणंच निवडावं. ते दोघं आता खराडीत आहेत, आणि माझ्या मते त्यांनी योग्य केलं.

याच दोन कसोट्या लावल्या तर अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांचा हिशेब वेगळा होतो. डलास की सॅन होजे, असा प्रश्न आला की टेक्सासात राज्याचा आयकर नाही हे पहिल्यांदा सांगितलं जातं. तिथं घरावरचा कर जबर असतो हे मागाहून कळतं. पण परभणीचं दार दोन्हीकडून सारखंच लांब, म्हणजे तासांची कसोटी तिथं लागतच नाही. उरते ती जोडीदाराच्या कामाची. तीही शहराच्या हातात नाही. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला काम करण्याची मुभा 2015पासून आहे, पण ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा पार पडल्यावरच. निघण्याआधी लेकीने हे स्पष्ट विचारून घ्यावं.

इकडचे तास मात्र कमी करता येतात, आणि त्यासाठी आपण बोललं पाहिजे. संभाजीनगर-परभणी हा 177 किलोमीटरचा मार्ग आजही एकेरी आहे. समोरून गाडी आली की आपली गाडी सेलूला नाहीतर परतूरला थांबून राहते. दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै 2025मध्ये मंजुरी दिली. 1995 साली मंजूर झालेल्या नगर-बीड-परळी मार्गावर बीडपर्यंत गाडी धावायला 17 सप्टेंबर 2025 उजाडावा लागला, म्हणजे तीस वर्षं. बीड ते परळी हा तुकडा पुरा झाला की परभणीहून परळी, बीड, नगर अशी पुण्याची सरळ वाट होईल आणि लातूर-कुर्डुवाडीचा वळसा सुटेल. या दोन कामांची मुदत, दर वर्षीचा निधी आणि झालेलं काम आपल्या खासदारांनी जिल्ह्यासमोर मांडावं, आणि आपण ते दर अर्थसंकल्पानंतर मागावं. तोपर्यंत पुण्याला जाणाऱ्यांनी घर नगर रोडच्या बाजूलाच बघावं, आणि संभाजीनगरला जाणाऱ्यांनी मुकुंदवाडी स्थानकाजवळ.