रस्ता उकरण्याआधी

पुण्याच्या बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, २० सप्टेंबर २०२४ रोजी महापालिकेचा एक ट्रक जमिनीत गेला. गेला म्हणजे अक्षरशः गेला. पेव्हर ब्लॉक खचले, मागची चाके खाली गेली आणि पाहता पाहता ते अवघे धूड उभेच्या उभे विवरात उतरले. चालक वेळीच बाहेर पडला म्हणून बचावला. हा ट्रक तेथे कशासाठी आला होता, तर ड्रेनेज साफ करण्यासाठी! खाली जुनी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. त्या छायाचित्रावरून शहरभर चेष्टा झाली आणि ते स्वाभाविकही होते. परंतु हसून झाल्यावर एक प्रश्न उरतो. ज्या पेठेत पेशवाईपासून माणसे राहत आली, जेथील वाड्यावाड्याचा उतारा कोणत्या ना कोणत्या कचेरीत बांधून ठेवलेला आहे, तेथे पायाखाली काय आहे याची नोंद कोणाच्याच दप्तरी नसावी?

विहीर निदान आपल्या जागी स्वस्थ असते. मलवाहिनीचे तसे नाही. ती आतून झिजत असते. सांडपाणी संथ वाहू लागले की तळाच्या गाळात प्राणवायू उरत नाही. तेथे वाढणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडतात. तो नळीच्या ओलसर छताशी जमतो आणि तेथील दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे गंधकाम्ल बनवतात. मेलबर्नच्या पार्कर या संशोधकाने १९४५ साली ही साखळी उलगडून दाखवली. म्हणजे सिमेंटची नळी पाण्याने खालून झिजण्यापेक्षा आम्लाने वरून अधिक खाल्ली जाते. छत पातळ होते, फट पडते, वरची माती थोडी थोडी आत गळून सांडपाण्याबरोबर वाहून जाते आणि रस्त्याखाली पोकळी तयार होते. वरचे डांबर मात्र शाबूत दिसते, आणि आपण त्यावरून नित्याप्रमाणे शाळेला व कचेरीला जात असतो.

ही केवळ कल्पनेतली भीती नव्हे. जपानमध्ये, तोक्योनजीकच्या याशिओ शहरात, २८ जानेवारी २०२५ रोजी सकाळी एका चौकात रस्ता दुभंगला आणि त्यात एक ट्रक चालकासह गडप झाला. चालकाचे वय ७४ वर्षे होते. त्याचा मृतदेह हाती लागण्यास तीन महिने लागले. चौकाखाली सुमारे दहा मीटर खोल, पावणेपाच मीटर व्यासाची, १९८३ साली टाकलेली मलवाहिनी होती. तिच्यातील प्रवाह कमी करण्यासाठी सुमारे बारा लाख लोकांना सांडपाणी कमी सोडण्याचे आवाहन करावे लागले. विशेष म्हणजे या वाहिनीची २०२१ मध्ये तपासणी झालेली होती आणि तातडीच्या दुरुस्तीची गरज नाही असा निर्वाळा मिळालेला होता. जेथे नियमाने तपासणी होते तेथे ही गत. आपल्याकडे जेथे तपासणीच नाही तेथील स्थितीचा अंदाज वाचकांनीच करावा.

फुटक्या गटाराचा दुसरा धोका रस्त्यावर दिसतच नाही, तो घरातल्या पेल्यात येतो. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाची आणि १८५४ च्या पटकीच्या साथीची हकिकत शाळेच्या पुस्तकांतून अनेकांना ठाऊक असते. डॉ. जॉन स्नो यांनी पंपाचा दांडा काढावयास लावला, येथे ती बहुधा थांबते. तिचा उत्तरार्ध अधिक बोधप्रद आहे. पुढील वर्षी यॉर्क नावाच्या सर्वेक्षकाने ४० क्रमांकाच्या घरापुढील जमीन खणून पाहिली, तेव्हा मैलाकुंडीच्या आणि मोरीच्या विटा इतक्या कुजलेल्या निघाल्या की त्या हाताने सहज उचलता येत होत्या. कुंडीपासून विहीर तीन फूटही दूर नव्हती. त्या घरातील आजारी तान्ह्या मुलीची दुपटी धुतलेले पाणी त्याच कुंडीत जात होते. आपल्याकडे विहिरीच्या जागी जलवाहिनी आली एवढाच फरक. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसाचे काही तास सुटते. ते बंद झाले की वाहिनीतील दाब उतरतो, आणि शेजारच्या फुटक्या गटारातून मातीत मुरलेले पाणी जलवाहिनीच्या सांध्यातून आत ओढले जाते. पावसाळ्याच्या तोंडी एखाद्या वस्तीत काविळीची साथ येते, तेव्हा तिचे मूळ अनेकदा अशा दोन शेजारणींच्या सख्यात असते.

यावर उपाय कोणता? आपल्या सवयीचा उपाय म्हणजे रस्ता उकरणे. परंतु उकरल्यावाचून दुरुस्ती करण्याची रीतही जगात आहे, आणि ती नवी नाही. एरिक वूड या इंग्रज अभियंत्याने १९७१ साली लंडनच्या हॅकनी भागात विटांच्या एका जुन्या अंडाकृती गटाराला, सुमारे सत्तर मीटर लांबीपर्यंत, आतून अस्तर चढवले. कृती ऐकावयास सोपी आहे. नमद्यासारख्या जाड पॉलिएस्टर कापडाची लांब पिशवी शिवायची, ती द्रव राळेत भिजवायची आणि मॅनहोलमधून, पायमोजा उलटा करावा तशी, पाण्याच्या दाबाने उलटवत जुन्या नळीत सोडायची. राळेची ओली बाजू जुन्या भिंतीला घट्ट बसते. मग आतले पाणी तापवायचे. काही तासांत राळ आळते आणि जुन्या नळीच्या पोटात, कोठेही सांधा नसलेली, नवी नळी तयार होते. घराघरांच्या जोडण्या त्या अस्तराने झाकल्या जातात, त्या आतून कॅमेऱ्यात पाहत यंत्राने पुन्हा कापून मोकळ्या करतात. नळी किंचित अरुंद होते खरी, पण गुळगुळीतपणामुळे प्रवाहात तूट येत नाही. हॅकनीच्या अस्तराचे तुकडे वीस वर्षांनी तपासले तेव्हा ते उत्तम स्थितीत आढळले. वूड यांच्या अमेरिकन पेटंटची मुदत १९९४ सालीच संपली. तेव्हा ही विद्या कोणा एका कंपनीच्या मुठीत आहे, ही सबबही उरलेली नाही.

तथापि ही रीत म्हणजे सर्व रोगांवरची मात्रा नव्हे. पार कोसळलेल्या नळीत अस्तर जात नाही. जी नळी मुळातच उताराविना टाकली गेली तिचा उतार अस्तराने सुधारत नाही. तेथे खणलेच पाहिजे. काम चालू असताना सांडपाणी पंपाने वळवावे लागते. राळ आळताना निघणारी वाफ नुसती वाफ नसते, तीत घातक रसायने असतात, हे पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले आहे; तेव्हा कामगारांच्या आणि आसपासच्या घरांच्या श्वासाची काळजी करारातच लिहिली गेली पाहिजे.

मुंबई आणि दिल्ली येथे ही रीत वापरली गेली आहे, म्हणजे ती येथे अशक्य आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. मग ती अपवाद का राहते? आमच्या मते त्याचे कारण निविदेच्या हिशेबात आहे. निविदेत नळीचा आणि खोदाईचा दर लिहिलेला असतो. महिनाभर बंद राहिलेल्या दुकानांचा, वळवलेल्या बसगाड्यांचा, चरात पडून मोडलेल्या पायांचा आणि पुन्हा कराव्या लागणाऱ्या रस्त्याचा खर्च त्यात नसतो, कारण तो महापालिका देत नाही, आपण देतो. शिवाय खोदाईचे काम दिसते. त्याचे उद्घाटन होते, फलक लागतो. नळीच्या पोटातले अस्तर कोणत्या पाहुण्याला दाखवणार?

या संदर्भात सध्याच्या काँक्रीटीकरणाकडे पाहिले पाहिजे. मुंबईत २०२३ पासून सुमारे चारशे किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करण्याचा पहिला टप्पा हाती घेण्यात आला, आणि लहान शहरांनीही तोच कित्ता गिरवला आहे. खड्डे नकोत, या मागणीत गैर काही नाही. परंतु काँक्रीटचा रस्ता किमान वीस-तीस वर्षांच्या हिशेबाने केला जातो, आणि त्याखालची नळी कदाचित आधीच साठ वर्षांची असते. तिच्यावर काँक्रीट ओतणे म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा आमची मागणी मर्यादित आहे. रस्त्याखालच्या मलवाहिनीत कॅमेरा फिरवून, तिची स्थिती लिहून व नकाशावर नोंदवून झाल्याखेरीज काँक्रीटचा कार्यादेश निघू नये, आणि तो अहवाल प्रभाग कचेरीत कोणाही नागरिकास पाहता यावा. जेथे अस्तर पुरेल तेथे आधी अस्तर, जेथे खणणे अटळ तेथे आधी खोदाई, आणि मग रस्ता.

ही मागणी केवळ करदात्याच्या सोयीची नाही. फुटक्या सांध्यांतून झाडांची मुळे आणि माती शिरते, गटार वारंवार तुंबते, आणि ते मोकळे करण्यासाठी माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने हे निषिद्ध आहे. गटारात मृत्यू आलेल्यांच्या कुटुंबांना दहा लाख रुपये द्यावेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ माणसे उतरतच राहिली. ज्या नळीला सांधाच नाही ती तुंबण्याचे प्रसंग कमी येतात, आणि जी कॅमेऱ्यात पाहता येते तिच्यात काय अडकले आहे हे शोधायला कोणाच्या मुलाला कमरेला दोर बांधून पाठवावे लागत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या गावी, गल्लीतील नळी कोठून जाते हे विचारण्यासाठी दोघे शेजारी नगरपालिकेत गेले होते. नकाशा मिळाला, पण तो गल्ली होण्यापूर्वीचा. कारकुनाने सद्भावाने सुचवले की, निवृत्त मुकादमांना विचारा, त्यांना सगळे पाठ आहे. हे मुकादम पंचाहत्तरीचे आहेत. अजूनही रिक्षा पाठवून त्यांना बोलावतात, आणि ते काठीने जागा दाखवतात तेथे नळी निघते. गेल्या पावसाळ्यात मैला दारात आला त्या दिवशी मुकादम मुलाकडे नाशिकला होते. त्यामुळे चार ठिकाणी खणले गेले. नळी पाचव्या ठिकाणी सापडली.